गोणीची जागा

वरदचं बारसं झालं, ते साल दोन हजार चोवीस. कोपरखैरण्याच्या घरात पाळणा म्हणून झाला होता आणि ज्योतिबा नातवाला खांद्यावर टाकून मिरवत होता. पोरानं आजोबाच्या गळ्यातला पंचा ओढला. नव्या झबल्याला रक्त लागलं.

"आबा, मानेला काय झालंय?" मुलानं, इंद्रजितनं, पोर काढून घेतलं.

"काय न्हाय रं. गोणीची जागा हाय ती. तीस वर्सं मार्केटात कांदा वाह्यला. घट्टा पडायचा, फुटायचा, भरायचा."

"आमच्या दादाला तेवढाच दागिना," बहीण सुमित्राबाई हसली.

ज्योतिबाची बायको पुतळा हळद-तेलाची वाटी घेऊन लगबगीनं बाहेर आली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या मानेला हळद तीच भरत आली होती. या खेपेला जखम दिवाळीपासून मिटत नव्हती, इतकंच.

"पण गोणी सोडून तीन वर्षं झाली ना?" इंद्रजित म्हणाला. "ब्लड कॅन्सर निघाला, तेव्हापासून तुमी घरीच आहात. मग मानेला घासतंय काय?"

पुतळाचं बोट वाटीतच राहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पंचा बाजूला केला आणि बराच वेळ बघत राहिल्या. ज्योतिबाचा रक्ताचा आजार संथ जातीचा. औषध नाही, नुसती अधूनमधून तपासणी. तो यायचा, हात पुढे करायचा, रक्त देऊन जायचा. पंचा गळ्यातून कधी निघाला नव्हता.

"बाबा, रक्त आजारी असलं की अंगाची राखण कमी पडते. अशा माणसाला कातडीचा कॅन्सर लवकर धरतो आणि पसरतोही लवकर. कातडीवर नवीन काही दिसलं तर दाखवा, असं सांगत होते ना मी?"

"व्हय. पर ह्ये नवीन कुठं हाय, बाई? जागा जुनीच हाय की."

बाईंनी जखमेचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

कातडीचा कॅन्सरच निघाला. रोग मानेतल्या गाठींपर्यंत उतरला होता. ऑपरेशन झालं, किरणांची लाईट देऊन झाली. थंडी पडेतो ज्योतिबाला मान वळवता येईना. पुतळाच उठून त्याच्या समोर येऊन बसू लागली.

"म्याच हळद भरत बसले," ती एकदा म्हणाली. "तवाच दवाखान्यात न्यायला पायजे हुतं."

"गप. तुझी काय चूक?"

"मग कुणाची?"

"आंघोळ झाली की तू वाटी घिऊन यायचीस. निवांत बसायचीस. एरवी तुला कुठली सवड? मला बरं वाटायचं गं. म्हणून मीबी कुणाला दावलं न्हाय."

पुतळानं पदर तोंडाला लावला.

"आता रडाया लागलीस व्हय? पोरास्नी सांगू नगंस हां. हसतील म्हाताऱ्याला."

शेवटच्या तपासणीतही रक्ताचा आजार होता तिथंच होता, तसूभर वाढला नव्हता. ज्योतिबा गेला तो मानेवरच्या जखमेनं, दोन हजार पंचवीसच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सकाळची आंघोळ झाल्यावर.