मधल्या खोलीचा कूलर

आमचे दाजी कुठेही शेवटपर्यंत बसत नाहीत. धुळ्याच्या थिएटरात मध्यंतर झाले की ते उठतात, खिशातून गाडीची किल्ली काढतात आणि माझ्या बहिणीला म्हणतात, "चल." लग्नात अक्षता पडल्या की "चल." सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे पाहायला म्हणून गेले, तर घोडे मैदानात यायच्या आत "चल." लग्न झाल्यापासून मोहिनीताईने कोणत्याही गोष्टीचा शेवट पाहिलेला नाही. सिनेमांचे शेवट ती मला फोनवर विचारते. मी ते लक्षात ठेवून सांगतो, आणि सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो, आजारी माणसापाशी बसल्यावर येतो तसा.

दाजी म्हणजे योगराज. धुळ्यात ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये ते गिऱ्हाइकाला ट्रॅक्टर दाखवतात, आणि उरलेला वेळ जगाला स्वतःला दाखवतात. त्यांच्या हाताखाली माणसे आहेत, असे ते प्रत्येक भेटीत सांगतात. मी जळगावच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मराठी शिकवतो. माझ्या हाताखाली खडू असतो. त्यांच्यासमोर मी बोलत नाही. वाक्ये मनात पूर्ण बांधून तयार होतात, विरामचिन्हांसकट, आणि मनातच विरून जातात.

यंदा ताई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, धरणगावी माहेरी आली, त्याच आठवड्यात आईची तांबडी कोंबडी मुंगसाने नेली. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा ढीग आहे. कापूस वेचून झाल्यावर उरलेली ती वाळकी झाडे आई चुलीसाठी रचून ठेवते. त्या ढिगाच्या पोटात, सावलीत, ताईला तांबडीची अंडी सापडली. तिने ती ओढणीत गोळा करून आणली आणि माझ्यापुढे धरली.

"नवीन, ही उबवता येतील का रे? मशीनमध्ये?"

मी होय म्हणालो. यंत्र आधी कधी हाताळले नव्हते, तरी होय म्हणालो. दोन दिवसांत पेटी मागवली: थर्माकोलची, झाकणाला काचेची खिडकी, आत एवढासा पंखा आणि उष्णतेचा आकडा दाखवणारी पट्टी. ताईने अंडी एकेक करून तिच्यात ठेवली आणि दाजींना फोन लावला.

"पिल्लं निघाली की येते."

फोन कानापासून दूर होता तरी पलीकडचे हसू मला ऐकू आले. "अंडी उकडायला एवढे दिवस लागतात का गं तुमच्याकडे?"

ताई हसली नाही. फोन ठेवून ती म्हणाली, "एवढं एक मला पुरतं बघायचंय."

अशी पेटी बनवणाऱ्याने वैशाखातला खानदेश पाहिलेला नसावा. अंड्यांना ऊब कशी मिळेल, याची सारी काळजी त्याने घेतली होती. आमच्याकडे ऊब रस्त्यावर सांडलेली असते. दुपारी खोलीच अंड्यांना सोसेल त्यापेक्षा जास्त तापते, आणि पेटीला गरम होता येते, गार होता येत नाही. म्हणून घरातला एकुलता एक कूलर आम्ही मधल्या खोलीत, पेटीसमोर आणला. ताई सकाळ-संध्याकाळ त्यात पाणी भरायची, वाळ्याच्या जाळ्या ओल्या करायची. त्या खोलीत ओल्या वाळ्याचा वास आणि पंख्याचा संथ आवाज भरून राहिला. रोज दुपारी ताई खिडकीच्या काचेवर कपाळ टेकवून बसे. तिला इतकी स्थिर मी लहानपणीही पाहिली नव्हती.

अखेर तीन आठवड्यांनी, एका संध्याकाळी, एका अंड्यावर चांदणीसारखी बारीक चीर दिसली. कवचाच्या आतून आवाज आला, अगदी दूरच्या विहिरीतून यावा तसा. ताईने माझा हात घट्ट धरला.

"आता झाकण उघडायचं नाही," मी म्हणालो. "आतली ओल गेली तर पिल्लू कवचाला चिकटून मरतं."

"आणि उष्णता?"

"कूलर चालू आहे तोवर भीती नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी दाजी आले. कळवून येणे त्यांच्या प्रतिष्ठेत बसत नाही. गाडी दारात उभी राहिली, हॉर्न वाजला आणि आईने पदर सावरत आधी आमरसाचे पातेले काढले.

"कुठाय तुमची हॅचरी?" म्हणत ते बूट न काढता मधल्या खोलीत शिरले, आणि मी तोंड उघडण्याच्या आत पेटीचे झाकण उचलले. बोटाच्या नखाने त्यांनी चीर गेलेल्या अंड्यावर टकटक केली. "कोणी आहे का घरात?"

ताईने त्यांच्या हातातून झाकण घेतले आणि बसवले. "उघडायचं नसतं ते."

"बरं बाई. फुटलं ना पण अंडं? मग झालं. जेवतो, घटकाभर पडतो, उन्हं उतरली की चल."

"अजून कुठे निघालंय?"

"निघेल गं. त्याला काय तुझी सही लागते?" मग माझ्याकडे वळून, "काय तासिकावाले, नोकरी पर्मनंट होईना म्हणून कोंबडीची नोकरी धरली का?"

त्यांच्या विनोदांचे एक बरे आहे: हसण्याचे कामही ते स्वतःच करतात.

ते जेवायला बसले. खापरावरच्या पुरणपोळ्या आई त्यांच्या ताटात वाढत गेली आणि ते "बस, बस" म्हणत खात गेले. दाजींना जेवताना पाहणे हा उदास अनुभव असतो. चवीचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसत नाही. फक्त वसुली दिसते.

हात धुऊन ते समोरच्या खोलीतल्या पलंगावर आडवे झाले आणि हाक आली, "आई, इथे कूलर नाही का?"

आईने माझ्याकडे पाहिले. "नवीन, कूलर तठे ली जाय."

"आई, पेटी तापेल. दाजींना मधल्या खोलीत झोपू दे. तिथे दोघांचं भागेल."

"जवाईले अंडास्ना शेजारे निजाडू? अक्कल शे का तुले? बठ्ठं गाव हसई."

पलंगावरून आवाज आला, "मी काय अंडं शे का? आणा तो इकडे."

अहिराणी ते फक्त चेष्टेपुरती वापरतात, नोकराचे जुने कपडे घालून दाखवावेत तशी.

मी ताईकडे पाहिले. बोलायचे तर मी बोलावे, असे तिच्या पाहण्यात होते. माझ्या मनात एक निर्दोष वाक्य तयार झाले. तेवढ्यात आईने प्लग काढून वायर माझ्या हातात दिली. मी कूलर ढकलत समोरच्या खोलीत नेला. त्याची लोखंडी चाके फरशीवर किंचाळत गेली.

गार वाऱ्याचा पहिला झोत अंगावर येताच दाजींनी डोळे मिटले. झोपेतही त्यांच्या चेहऱ्यावरचा मान उतरत नाही. जावई या शब्दाला आमच्या घरात जेवढा अर्थ आहे, तेवढा त्या देहात कुठे साठवलेला असेल, याचा मी उंबऱ्यात उभा राहून शोध घेतला. बनियनच्या आत पोट वर-खाली होत होते. बाकी काही सापडले नाही.

मधल्या खोलीत ऊन भिंतींतून आत येऊ लागले. ताईने दाराला ओली चादर लावली. पट्टीवरचा आकडा सदतीसवरून अडतीसला गेला, आणि थोड्या वेळाने तिथेही थांबला नाही. फार तापल्याचा इशारा म्हणून पेटी पिपाणीसारखी वाजू लागली.

"अरे बंद करा रे ते!" समोरून दाजी ओरडले. "माणसाला झोपू तरी द्या!"

आई धावत आली. "बंद कर ना रे ते, जवाई उठी जाई."

"आई, ते मरायला लागलंय म्हणून वाजतंय," ताई म्हणाली.

आईने काचेतून पाहिले. चीर गेलेल्या कवचाच्या फटीतून एक चोच दिसत होती. ती उघडी होती, आणि मिटत नव्हती. उन्हात कावळे धापा टाकतात तशी. आतला आवाज थांबला होता.

ताई उठली नाही, रडली नाही. नुसती हात मांडीवर ठेवून पाहत राहिली. तो चेहरा मी ओळखला. मध्यंतरात दिवे लागल्यावर, पाकीट उचलून उठताना, पडद्याकडे शेवटचे पाहणाऱ्या बाईचा असावा तसा तो होता.

मी समोरच्या खोलीत गेलो आणि कूलरचा प्लग काढला.

वारा थांबताच दाजींनी डोळे उघडले. मी कूलर ढकलू लागलो होतो. चाके पुन्हा किंचाळली, टाकीतले पाणी हिंदकळून त्यांच्या बुटांत सांडले.

"ए! काय चाललंय?"

माझे निर्दोष वाक्य या वेळीही आले नाही. मी एवढेच म्हणालो, "दाजी, तुम्हांला घाम येतो. त्यांना येत नाही."

"म्हणजे?"

मी मान खाली घालून ढकलत राहिलो. मागून आई "नवीन, नवीन" करत होती. पण मधल्या खोलीच्या दारातली ओली चादर तिनेच बाजूला धरली.

कूलर लागला. पिपाणी आणखी थोडा वेळ वाजली आणि बंद पडली. फटीतली चोच मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग फार वेळाने, अगदी बारीक, तो विहिरीतला आवाज आला.

दाजी दारात येऊन उभे राहिले. बनियन छातीला चिकटले होते, केस कपाळावर. मानाखालचा माणूस मी प्रथमच पाहत होतो, आणि तो पाहण्यासारखा नव्हता.

"मोहिनी, बॅग भर. या घरात कोंबडीला मान आहे, जावयाला नाही. चल."

ताई काचेवरून मान न वळवता म्हणाली, "हे निघेपर्यंत थांबा."

"मी थांबणार नाही."

"माहितेय."

"म्हणजे तू येत नाहीस?"

"पिल्लं निघाली की येते, असं सांगितलं होतं मी."

ते गाडीत जाऊन बसले. त्यांनी इंजिन चालू केले, एसी लावला, काचा वर घेतल्या आणि हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवला. ताईला बोलावण्याची दुसरी रीत त्यांना अवगत नव्हती. शेजारच्या धुरपदाबाई ओट्यावर येऊन विचारू लागल्या, "काय वं पुष्पाबाई, जवाई रुसना का?" आई ओट्याकडे न जाता आमच्याजवळ फरशीवर येऊन बसली होती.

"उनमां बसेल शे तो," जरा वेळाने ती पुटपुटली. "पानी तरी दी ये."

मी तांब्या घेऊन गेलो. दाजींनी काच चार बोटे खाली केली.

"निघालं का?"

त्या प्रश्नात क्षणभर खरे कुतूहल होते. मला त्यांची दया यावी, अशी ती वेळ होती. मी वाट पाहिली. दया आली नाही.

"निघतंय. आत येऊन बसा. खाली बसावं लागेल, आणि वेळ लागेल."

"किती?"

"ते त्याचं तेच ठरवतं."

त्यांनी पाणी घेतले नाही. काच वर गेली.

मी परतलो तेव्हा कवचाची टोपी सुटली होती. पिल्लाने पाय ताणले, कवच ढकलले आणि ते जाळीवर पडले. ते सुंदर नव्हते. ओले, काळपट, मानेला जोर नसलेले. उकिरड्यावर सापडावे तसे. पडल्या जागी ते धापा टाकत राहिले, आणि मग अकारण, कुणालाही न विचारता, उभे राहण्याचा प्रयत्न करू लागले. पडले. पुन्हा करू लागले. ताईचा श्वास काचेवर उमटत होता आणि ती तो बोटाने पुसत होती.

बाहेर हॉर्न थांबला. गाडी मागे-पुढे झाली आणि तिचा आवाज एरंडोल रस्त्याकडे जात विरला. दाजी नेहमीप्रमाणे मध्येच उठून गेले होते.

"गया का?" आईने विचारले.

"गेले," मी म्हणालो.

ताईने ऐकले असावे. ती थोडी सरकली, आईलाही काचेतून दिसेल एवढी जागा केली, आणि म्हणाली, "ते डावीकडचं बघ. त्याला पण चीर गेलीय."