नवव्या प्रकरणातलं माडगं

मला कादंबरीतलं प्रेम फारसं समजत नाही, जेवण समजतं. नायक नायिकेचा हात धरतो तिथं मी खुशाल दोन पानं उलटते, पण कुणी चुलीपुढं बसलं की माझा जीव त्या पानात अडकतो. काय शिजतंय, वाढलं कुणी, सगळ्यांना पुरलं का? ज्या कादंबरीत अडीचशे पानांत कुणी घासभर खात नाही, ती लिहिणाऱ्याला एकदा उपाशी ठेवावं असं मला वाटतं.

१९७४ साली माझी सगळ्यात लाडकी होती ती निळ्या पुठ्ठ्याची. पहिली पानं फाटलेली, त्यामुळं तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. पलूसच्या वाचनालयातले तात्याबा वहीत 'निळी' एवढंच लिहायचे. माझे मालक पलटणीत. जाताना त्यांनीच माझं नाव वाचनालयात घातलं होतं. 'निळी' मी सात वेळा आणली. कारण एकच, नववं प्रकरण! मेंढरांमागं चार दिवस माळ तुडवून नायक घरी येतो आणि त्याची वहिनी त्याला हुलग्याचं माडगं, पिठाची पातळ पेज, करून घालते. तो गरमगरम ओरपतो, नाक पुसतो, पुन्हा वाटी पुढं करतो. आणि मी इकडं तळमळते! माझं माहेर कृष्णाकाठचं, सासर उसाचं. दोन्हीकडं हुलगा फक्त बैलांना. माडगं कसं लागतं ते मला कोण सांगणार?

त्याच प्रकरणानं घात केला. रविवारी घरी सोयरे आलेले. मी तव्यावर भाकरी टाकली आणि मांडीवरचं पान उघडलं. वास सुटला तेव्हा मला वाटलं, कादंबरीतलाच आहे! भाकरीचा कोळसा झाला. दुसरीचाही झाला. माझ्या सासूबाई, चंद्राबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, हसतमुखानं पाहुण्यांना वाढत राहिल्या. पाहुणे उंबऱ्याबाहेर पडले आणि त्या वळल्या.

"उद्या सांजच्याला त्ये पुस्तक माघारी. आन नाव काढूनच यायचं. पुस्तकानं प्वाट भरत न्हाई."

नाव काढायचं! म्हणजे 'निळी' गेली, पुढच्या सगळ्या गेल्या, मालक येईपर्यंत मी आणि भिंती. रात्री उशी भिजली. पण सकाळी डोक्यात एकच आलं: जायचंच आहे ना, मग उपाशी कशाला जायचं?

सोमवारी दुपारी आत्याबाई मळ्यात गेल्या. मी गोठ्यातल्या डब्यातून ओंजळभर हुलगे काढले. बैल माझ्याकडं बघत होते. मी तिकडं काणाडोळा केला. जात्यावर हुलगे दळले, चूल पेटवली, पुस्तक पाटावर उभं केलं. 'तिने उकळत्या पाण्यात पीठ सोडले आणि ती ढवळत राहिली.' मीही सोडलं. मीही ढवळत राहिले.

आणि पातेल्यात झाल्या बोराएवढ्या गुठळ्या. चाखून पाहिलं तर कच्चट, उग्र. मला रडूच कोसळलं. सात वेळा वाचलेल्या माझ्या लाडक्या पुस्तकानं मला फसवलं होतं.

"हुलगं कुनी शिजीवलं?"

दारात आत्याबाई. डोक्यावर पाटी तशीच. मी घाबरून सगळं सांगून टाकलं, बैलांच्या डब्यासकट. त्यांनी पाटी उतरवली, पातेल्यात डोकावल्या.

"वाच. काय लिवलंय बगू."

मी वाचलं. त्यांनी नाक मुरडलं. "ह्यो बाबा उंटावरनं शेळ्या हाकतोय. हुलगं भाजलं न्हाईत, पीठ गार पान्यात कालीवलं न्हाई. सर तिकडं."

त्यांनी नवे हुलगे खरपूस भाजले, दळले, पीठ गार पाण्यात कालवलं आणि आधणात धार सोडली. लसूण-जिरं ठेचून घातलं, मीठ घातलं. घरभर असा वास दरवळला की माझं नववं प्रकरण त्यापुढं फिकं पडलं! दोन वाट्या भरल्या. पहिला घोट घेतला आणि आत्याबाई थांबल्या.

"माज्या म्हायेरी, कवठ्याकडं, रोज ह्येच. लगीन हून आले, पयल्याच आठवड्यात हितं केलं. तुजं मामंजी म्हनलं, बैलाचं खानं मानसाम्होरं आनू नगं. एकतीस वर्सं झाली." पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आईच्या हातचं कसं लागायचं, इसरलेच हुते गं."

मीही रडले, आणि रडतरडत दुसरी वाटी संपवली. लय म्हणजे लय चांगलं लागत होतं!

तेवढ्यात मामंजी आले. दारातच त्यांनी नाक वर केलं. "गोठ्यातलं चुलीवर कशापायी?"

आत्याबाई मामंजींना कधी उलटून बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "आवं, पुस्तकात छापलंय. शेरातली शिकलेली मानसं वाचत्यात. बसा. वाच गं बनू, नववं."

मी वाचलं! आवाज चढवून, माळ, मेंढरं, वहिनी, सगळं. मामंजी आधी कपाळाला आठी घालून बसले, मग आत्याबाईंनी पुढं सरकवलेली वाटी त्यांनी उचलली. प्रकरण संपायच्या आतच वाटी रिकामी झाली आणि त्यांनी ती पुन्हा पुढं केली.

ऊन कलल्यावर मी पुस्तक घेऊन उठले. नाव काढायचं होतं ना.

"थांब. पेन्शील आन," आत्याबाई म्हणाल्या. "त्याची चूक नीट कर. न्हाईतर म्होरची बाई फसंल. आन खाली माजं नाव लिव."

मी 'चंद्राबाई' लिहायला वाकले.

"त्ये न्हवं. त्ये हितं लग्नात ठेवलेलं. माज्या आईनं ठेवलेलं लिव. हरणा."

चार वर्षं एका चुलीवर रांधलं, आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी समासात नीट अक्षर काढून लिहिलं: 'हुलगे आधी भाजावेत. पीठ गार पाण्यात कालवावे. – हरणा, कवठे महांकाळ.'

"ह्यात हरणा कुठं हाय?"

मी दाखवलं. त्यांनी त्या तीन अक्षरांवरून बोट फिरवलं, मग पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं.

"जा. ही दे आन दुसरी आन. ज्यात मानसं लय जेवत्यात, आसली बगून आन."