बॅटवरची चूल

टेबलावर जिंजर बिअरचे नऊ डबे होते: सहा कापताना चिरलेले, दोन एकात एक बसवून स्पिरिटची चूल झालेले, आणि नववा माझी बहीण मेरिन अजून पीत होती. सकाळची वेळ. गाड्या लावायच्या मैदानात गवतावर हिव पडलं होतं आणि समोर टास्मानियाचं पठार उभं होतं.

मेरिनच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासूनची ही पहिलीच चढाई. डॉक्टरांनी पाठीवर सहा किलोंची परवानगी दिली होती, वर एक ग्रॅमही नाही. धुक्यात चुकामूक होते म्हणून आमच्या क्लबचा नियम असा, की ज्याची चूल त्याच्याच पाठीवर. तिची गॅसची चूल आठशे सत्तर ग्रॅम. ती घेतली की सॅक सहाच्या वर जाई. डब्यांची चूल भरली बारा ग्रॅम.

"वीस मिलिलिटर स्पिरिटमध्ये दोन कप पाणी उकळून दाखवा," आमची म्होरकी उना म्हणाली. वय सत्तर, जीभ विशीतली. "नाहीतर मेरिन, तू इथंच बस डबे मोजत."

"मग वर टोमणे कुणाला मारशील?" मेरिन म्हणाली.

मी स्पिरिट ओतून पेटवलं, तारेच्या तिवईवर पातेलं ठेवलं. मधोमध ज्योत आली. पण चूल तापली की काठावरच्या सोळा भोकांतून ज्वाला फुटायला हव्यात, त्या काही फुटेनात. स्पिरिट संपलं. उनाने पाण्यात बोट बुडवलं.

"वा! बाळाला आंघोळ घाला आता."

मेरिन हसली नाही. ती बुटांच्या नाड्या सोडायला लागली.

मी टेबलाला हात लावला. सिमेंटचं टेबल, रात्रभर हिवात राहिलेलं. चुलीची सगळी ऊब तेच पीत होतं.

"लाकूड हवं! लाकूड अशी ऊब ओढत नाही. गाडीत आहे का काही?"

"तुझं डोकं आहे की, डार्सी," उना म्हणाली.

डिकीत क्रिकेटची बॅट होती. ती टेबलावर आडवी ठेवली. डुगडुगू नये म्हणून दोन्ही बाजूंना चिरलेले डबे चेपून बसवले. चूल विझून गार झालीय याची खात्री करून पुन्हा वीस मिलिलिटर ओतून पेटवलं, पातेल्यात नवं गार पाणी घेऊन वर ठेवलं.

आता ऊन आलं होतं, त्या उजेडात ज्योत दिसत नव्हती. मग काठाशी निळसर काहीतरी थरथरलं.

"फुटली!" मेरिन ओरडली. "सगळी सोळा!"

पातेल्याचं झाकण खडखडायला लागलं. उनाने झाकण उचललं, वाफ तोंडावर घेतली.

"वर नुसता बर्फगार खडक आहे. तिथे कशावर मांडणार?"

"याच बॅटवर."

"ती कोण वाहणार?"

"मी. नियम चुलीचा आहे, बॅटचा कुठाय?"

उनाने झाकण पातेल्यावर परत ठेवलं. "बरं," ती म्हणाली, "चेंडू मी घेते."

मेरिनने नाड्या पुन्हा बांधल्या. मी तिची भरलेली सॅक आणि बॅट, दोन्ही ताणकाट्याला लावल्या. तिची सॅक चूल-स्पिरिटसकट पाच किलो नऊशे चाळीस ग्रॅम. बॅट एक किलो एकशे ऐंशी, गॅसच्या चुलीहून जड.