घरात बाई हवी

आखातात, हवल्लीतल्या त्या नव्या तीन मजली इमारतीत जागा देताना घरमालक अबू यूसुफ एकच गोष्ट विचारायचा: घरात बाई आहे का? एकट्या पुरुषांना तो दारातूनच परत पाठवी. एकटे पुरुष म्हणे जिन्यात थुंकतात आणि गच्चीत उभं राहून शेजारच्या बायका बघतात. यातलं दुसरं खोटं होतं असं मी म्हणणार नाही.

आम्ही तिघं रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे, पंचविशीच्या आतबाहेरचे. नझीर, मजीद आणि मी, झहूर. आधीची दोन वर्षं शुवैखला एका गोदामामागच्या खोलीत अकरा जणांत काढलेली. आमच्यात लग्न झालेला एकटा नझीर. त्यानं बाणकोटहून बायकोला, रबियाला, आणवलं आणि आम्हाला फ्लॅट मिळाला. अबू यूसुफला सांगितलं, मजीद हा नझीरचा भाऊ आणि झहूर हा रबियाचा. अशा तऱ्हेनं मला फुकटात बहीण मिळाली. तिला काय मिळालं ते पुढे येईलच.

मी बंदरावर टॅली क्लार्क. बोटीतून किती पेट्या उतरल्या, किती चढल्या, त्याच्या रेघा मारायच्या. ही खोड घरी आल्यावरही सुटत नाही. म्हणून मला ठाऊक आहे की पहिल्या वर्षात रबियाभाभी त्या फ्लॅटचा उंबरठा ओलांडून नऊ वेळा बाहेर गेली. त्यातल्या दोन ईद, एक फोटो स्टुडिओ आणि सहा वेळा इस्पितळ.

आम्ही मात्र मॉडर्न झालो होतो. टेरिलीनचे शर्ट आले, रेकॉर्ड प्लेअर आला. जमिनीवर बसून जेवणं सोडलं, टेबल आणि चार खुर्च्या आणल्या. चौथ्या खुर्चीवर रेकॉर्ड प्लेअर ठेवला, कारण भाभी आमचं झाल्यावर स्वयंपाकघरात उभ्यानंच जेवायची. मजीद आपल्या ऑफिसातल्या इजिप्शियन टायपिस्टच्या गोष्टी सांगायचा. ती त्याच्यासोबत रोज चहा घेते, हे त्यानं आम्हाला इतक्यांदा सांगितलं की तो चहा आम्हीच प्यालो असं वाटायला लागलं.

आणि फ्रिज. फ्रिज आला त्या शुक्रवारी मजीदनं कॅमेरा मागून आणला. फ्रिजमध्ये तेव्हा पाण्याच्या दोन बाटल्या नि अर्धा कांदा. मग वरच्या मजल्यावरून सफरचंदं आणली, सरबताच्या बाटल्या आणल्या, दार सताड उघडलं आणि एकेकानं शेजारी उभं राहून फोटो काढून घेतला. भाभीचाही काढला. फोटो गावी गेले, सफरचंदं वर परत गेली.

भाभीला दिवस गेले ते त्यानंतर दोन महिन्यांनी.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी ठरवावं लागत नाही. बाणकोटला तिची आई होती, खाडीकडे उघडणारं दार होतं. मुंबईची बोट साधारण पंधरा दिवसांनी सुटायची. सातवा महिना सरल्यावर बोटवाले बाईला चढू देत नसत. म्हणजे तिच्या हातात मोजक्या बोटी होत्या, आणि ते मोजणं माझं काम.

"झहूरभाय, पुढची बोट कधी आहे?" चौथ्या महिन्यात तिनं मला विचारलं.

बोट परवाची होती. नझीर माझ्याकडे बघत होता.

"अजून नक्की नाही," मी म्हटलं.

कारण ती गेली की घरात बाई नाही. आणि हे लपवताही येणार नव्हतं. अबू यूसुफची बायको, उम्म यूसुफ, दर गुरुवारी दुपारी न चुकता वर यायची. सोफ्यावर बसायची, भाभीच्या हातचा चहा घ्यायची, पोटावर हात ठेवून दुआ पुटपुटायची आणि जाताना स्वयंपाकघरात डोकावायची. तिला भाभीचा खरोखर लळा होता. म्हणूनच पंचाईत होती.

आम्ही कुणी वाईट नव्हतो. नझीर म्हणायचा, "गो, जरा गरमी उतरू दे." मजीद म्हणायचा, "भाभी, गावात सुईण कोयता धुवून नाळ कापते. इथं डॉक्टरीण बाई, पांढऱ्या चादरी, पंखे. आजकाल शिकलेली माणसं इस्पितळातच जातात."

"इस्पितळात माझी आई असेल काय?" तिनं विचारलं.

"भाभी, तुम्ही पण ना," मजीद म्हणाला आणि त्यानं रेकॉर्ड लावली.

तिनं आईला लिहिलं. आईचं उत्तर आलं: बेटी, तू तिकडेच राहा. फोटो सगळ्या वाडीनं पाहिला. असलं घर सोडून इथल्या चिखलात कशाला येतेस? भाभीनं ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी घालून फ्रिजमध्ये ठेवलं. का ते विचारायचं धाडस मला झालं नाही. संध्याकाळी नझीरनं पाण्याची बाटली काढताना ते पाहिलं आणि दार लावलं.

एक बोट गेली. मग दुसरी.

त्या दिवशी माझी पाळी लवकर सुटली. दोघं घरी आले नव्हते. भाभीनं एक बंद पाकीट माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. पोस्टात एकटीनं जायची तिला सोय नव्हती, म्हणून आम्हा तिघांपैकी कुणालातरी सांगणं भाग होतं.

"कुणाला आहे?" मी विचारलं.

"शरीफाखालांना. मजीदभायच्या आईला, हर्णैला."

"त्यांना काय लिहिलंत?"

"जे मजीदभाय इथं रोज सांगतात तेच. इजिप्तची बाई, चहा. माझ्या पदरचं एक अक्षर घातलेलं नाही."

मी हसलो. मग माझ्या ध्यानात आलं. मजीदचं लग्न दाभोळच्या जमिलाशी दोन वर्षांपासून ठरलेलं होतं आणि तो आधी रेकॉर्ड प्लेअर, मग कॅमेरा, मग अजून काही, असं करत ते पुढे ढकलत होता. हे पत्र वाचून शरीफाखाला आठ दिवसही थांबल्या नसत्या.

"म्हणजे घरात दुसरी बाई येईल," मी म्हणालो.

"घरात बाई हवी ना? मग येऊ दे. मी तिला रांधा-वाढायचं दाखवीन आणि जाईन."

"आणि तिला इथं करमलं नाही तर?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाण्याची टाकी दिसायची, तिकडे भाभी बघत राहिली. त्या खिडकीतून दुसरं काही दिसतच नसे.

"तुम्ही माझे भाऊ ना, अबू यूसुफच्या वहीत?" ती म्हणाली. "भाऊ बहिणीला माहेरी न्यायला येतो. तुम्हाला तेवढं सांगत नाही मी. पाकिटाला तिकीट लावा, बस."

ते पाकीट मी सहा दिवस खिशात घेऊन फिरलो. मला शुवैखची खोली आठवत होती, अकरा माणसं आणि एक संडास. शिवाय मजीद माझा दोस्त. सातव्या दिवशी सकाळी मी कामावर निघालो तर भाभी दारात उभी होती. तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं. पाकिटाचा कोपरा बाहेर आला होता, मळलेला. मी तो आत ढकलला, आणि बंदरावर जायच्या आधी पोस्टात गेलो.

पुढचं आमच्या हातात राहिलं नाही. मजीदला रजा मिळणार नव्हती, पासपोर्ट कंपनीच्या कपाटात. पण शरीफाखालांनी आपल्या भावाला मजीदच्या वतीनं 'कबूल' म्हणणारा वकील ठेवून हर्णैतच निकाह लावून टाकला. मजीदला तारेनं कळलं की तो नवरा झाला. तो त्या दिवशी जेवला नाही. "मला विचारलं पण नाही रे कुणी," तो म्हणत राहिला. नझीर त्याची समजूत घालत होता. मी रेकॉर्ड बदलत होतो.

जमिलाचे कागद व्हायला वेळ लागला. भाभीचा सातवा महिना सरायला नऊ दिवस होते तेव्हा बोट आली. त्याच बोटीनं भाभी परत जाणार होती, फहाहीलच्या एका कुटुंबासोबत. बोट दोन दिवस धक्क्याला असते. एवढाच वेळ त्या दोघी एका घरात होत्या.

जमिला एकोणीस वर्षांची, चुणचुणीत. आत आल्याआल्या बुरखा न काढताच ती फ्रिजपाशी गेली. "हाच ना? दाभोळला सगळ्यांनी पाहिलाय." तिनं दार उघडलं. आत पाण्याच्या बाटल्या होत्या आणि घडी घातलेलं एक पत्र.

"सफरचंदं संपली?" तिनं विचारलं.

मजीद माझ्याकडे बघू लागला, मी नझीरकडे.

"वरच्यांची होती," भाभीनं सांगितलं, आणि पत्र काढून आपल्या पिशवीत टाकलं. मग तिनं सगळं दाखवलं: कुठल्या शेगडीची वात चढते, पाणी किती वाजता जातं, उम्म यूसुफला चहात साखर किती लागते. जमिला मान डोलवत होती. शेवटी भाभीनं तिला स्वयंपाकघरातली खिडकी दाखवली. जमिलाच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि बाहेर आली.

बंदरावर मी तिचं सामान चढवलं. दोन ट्रंका आणि एक वळकटी. "भाऊ म्हणून एवढं केलंत," ती म्हणाली. ती हसत होती की नाही, मला सांगता येत नाही. नझीर धक्क्यावर बोट दिसेनाशी होईपर्यंत उभा राहिला. आपल्याला बायकोची आठवण येईल, हे त्याला तेव्हा कुठं कळलेलं दिसलं.

गुरुवारी उम्म यूसुफ आली. भाभी कुठं म्हणून हळहळली, मग जमिलाला जवळ घेतलं, चहा प्याली आणि स्वयंपाकघरात डोकावून गेली. ही आमची कोण, असं तिनं विचारलं तेव्हा मजीदनं घाईघाईनं माझ्याकडे बोट दाखवलं: "माझी बायको. हा जमिलाचाही भाऊ."

पाच महिने झाले. भाभीला मुलगा झाला, बाणकोटहून पत्र आलं. परत कधी येणार, हे त्यात नव्हतं. जमिला आता फ्रिजकडे बघत नाही. मजीद नवी रेकॉर्ड आणतो, ती स्वयंपाकघरात उभ्यानं जेवते. उंबरठा तिनं चार वेळा ओलांडला आहे.

परवा दुपारी ती टेबल पुसता पुसता थांबली.

"झहूरभाय, तुम्ही बंदरावर असता. मुंबईची पुढची बोट कधी आहे?"

मजीद आतल्या खोलीत होता. रेकॉर्ड संपली होती, सुई नुसतीच खरखरत होती. बोट दुसऱ्या दिवशीची होती.

"अजून नक्की नाही," मी म्हटलं.