जांभळा गुलबंद

"सुई ढिली धर, जमे. लोकरीचा गळा नको आवळू."

अकोल्याच्या दवाखान्यात दाईचं काम करणाऱ्या मायचा तो आवाज. माय जाऊन वर्षं झाली, तरी दिवसभर फुलं तोडून, हार ओवून जमुना सांजेला सुया हाती घेई, तेव्हा तो आवाज कानाशी येऊन बसे. फुलं सांजेला मान टाकतात, लोकर टाकत नाही. अमरावतीबाहेरच्या त्या फुलमळ्यात जमुनेला तेवढाच विसावा होता.

पण विणलेला एकही गुलबंद तिच्याजवळ टिकला नव्हता. सासू गंगूबाई दर वेळी उचलून कुणाच्या तरी गळ्यात घाली. कधी दिराच्या, कधी व्याह्याच्या. जमुना नुसती हसे.

यंदाची लोकर मात्र मायची होती. दवाखान्यातल्या मडमेनं मायला दिलेली, वांग्याच्या फुलासारखी जांभळी, सशाच्या कानागत मऊ. विलायतेतल्या लढाईमुळं तशी लोकर आता बाजारात दिसतही नव्हती. हा गुलबंद आपला, असं जमुनेनं मनाशी ठरवलं होतं. बोलायचं तेवढं राहिलं होतं.

शेवटचा टाका पडला तेव्हा डोळे मिटत होते. बोटांनी रोजचंच केलं. दोन्ही टोकं जुळवून हाराची गाठ मारली, खाली गोंडा सोडला. ती गोल माळ फुलांच्या टोपलीवर ठेवून जमुना तिथंच कलंडली.

सकाळी अकोटहून गंगूबाईचे जावई चंद्रभान आले. गंगूबाईनं टोपलीतून झेंडूचा हार उचलला, अन् वरची जांभळी माळही.

"अव माय! सूनबाईनं जावयासाठी लोकरीचा हार केला व!" म्हणत दोन्ही त्यांच्या गळ्यात घातले.

"वहिनी, हा तं सांजेले वाळनार बी नाही," चंद्रभान हसले. "पन सोडू कसा? गाठ तं पक्की मारली तुमी."

"फुलवाल्याच्या घरची गाठ हाय बापू, सुटत नसते!" गंगूबाई म्हणाली.

सगळे हसले. जमुनाही हसायला गेली, पण थकल्या गालांना ते जमलं नाही. ती पुढं आली.

"वाका जरा, जावईबापू."

ते वाकले. तिनं गुलबंद त्यांच्या डोक्यावरून काढला आणि छातीशी धरला.

"काय करून राहिली व? पाव्हण्याच्या गळ्यातलं काढतं?"

"झेंडूचा हार त्यायचा हाय, आत्याबाई," जमुनेचा आवाज कापला, पण थांबला नाही. "ही लोकर माह्या मायची हाय. हा गुलबंद म्या माह्यासाठी विणला."