गाळात रुतलेली रोही

पंजाबरावांच्या हरभऱ्यात सकाळी पुन्हा रोही शिरली आणि ते काठी उगारून तिच्यामागं धावले. चांदूर रेल्वेकडच्या त्या शिवारात नीलगाईला सगळे रोहीच म्हणतात, आणि बहुतेक जण शिवी हासडूनच म्हणतात. रोही बिचकून पळाली ती थेट गावतलावात. तलाव आटत आलेला. गाळ वरून वाळलेला दिसत होता, पण आत लोण्यासारखा मऊ. बघता बघता ती पोटापर्यंत रुतली.

"भोग आता!" पंजाबराव काठावरून ओरडले. पण रोही मान वळवून त्यांच्याकडंच पाहत राहिली. त्यांना ते सोसेना. त्यांनी बायकोला हाक मारली, "सुंदरे, फोन लाव वं कोनाले तरी!"

अमरावतीच्या बचाव पथकात फोन दीक्षानं उचलला. ती पथकाची प्रमुख. पुरात अडकलेली माणसं काढणं हे तिचं काम. तिनं आधी वनविभागाला विचारलं. त्यांची माणसं बिबट्याच्या मागावर लांब गेली होती, संध्याकाळशिवाय येणार नव्हती.

"मॅडम, रोहीसाठी गाडी काढाची?" पथकातला सगळ्यात जुना गडी धर्मेंद्र म्हणाला. "अन् इकडं मानूस बुडाला तं? जंगलातलं जनावर हाय, आपलं आपन पाहीन."

"तुमचं खोटं नाही, धर्मेंद्रभाऊ. म्हनून अर्धी मानसं इथंच ठेवू. पन आपन नाही गेलो तं गावातलं कोनी तरी उतरन. मंग मानूसच काढाले जा लागन."

"रोहीसाठी कोन उतरते? शेतकरी तं पेढे वाटतीन!"

गाडी बडनेरा ओलांडत होती, तोच सुंदराबाईंचा पुन्हा फोन आला. "माय, लवकर या! आमचे मालकबी गेले ना आत!"

धर्मेंद्र खिडकीबाहेर पाहू लागला. दीक्षानं ड्रायव्हरला गाडी जोरात घ्यायला सांगितलं.

तलावावर निम्मं गाव जमलं होतं. पंजाबराव कमरेपर्यंत गाळात होते. त्यांच्या एका हातात दोर, दुसरा हात रोहीच्या पाठीवर.

"बाबा, तुमी काऊन उतरले?" धर्मेंद्र ओरडला.

"मीच हाकलली ना तिले! आधी तिले काढा."

"आधी तुमाले!" दीक्षा म्हणाली, आणि त्या आवाजापुढं पंजाबरावांनी रोहीच्या पाठीवरचा हात काढला.

गाळावर शिड्या आडव्या टाकल्या, त्यावर फळ्या. पथकातले दोघं पोटावर सरपटत गेले आणि पंजाबरावांच्या काखेतून पट्टा घातला. काठावरच्यांनी जोर लावला. पंजाबराव सुटले, त्यांचा लेंगा मात्र गाळातच राहिला. बायांनी तोंडं फिरवली, पण त्यांचे खांदे हसण्यानं गदगदत होते.

मग रोहीची पाळी. धर्मेंद्र स्वतःच शिडीवरून पुढं सरकला. तिच्या डोळ्यांवर ओला दुपट्टा टाकला, तशी ती शांत झाली. त्यानं दोन्ही हातांनी पोटाखालचा गाळ उपसला आणि आरपार पट्टा ओढून घेतला. "हळू! पाय मोडन तिचा!" तो खेकसला. गावानं हळूहळू ओढलं. मोठा पचाक आवाज झाला आणि रोही काठावर आली.

बराच वेळ ती पडूनच राहिली. दीक्षानं दुपट्टा काढून सगळ्यांना मागं सारलं. रोही धडपडत उठली, तिनं जोरात अंग झटकलं, आणि सगळा चिखल धर्मेंद्रच्या तोंडावर उडवून बाभळींकडं पसार झाली. गावानं टाळ्या वाजवल्या. सुंदराबाईंनी घरून आणलेली साडी गुंडाळून बसलेले पंजाबरावही वाजवू लागले.

नंतर शेतातल्या मोटारपंपाच्या पाण्याखाली हातपाय धुताना धर्मेंद्र म्हणाला, "मॅडम, मी अजूनबी म्हनतो, जनावरासाठी मानसं धोक्यात घालू नाही."

"अन् तिच्या पोटाखाली हात कोनं घातले?"

"आता आलोच होतो ना," धर्मेंद्र म्हणाला, आणि सुंदराबाईंनी आणलेल्या चहाला हात पुढं केला.