तेच पान

"डोळे मीट आधी. आणि भाजी निवडायला बसल्यासारखी बसू नकोस, देवाशी बोलतोय आपण," धुरपदाबाईंनी दटावलं तशी उज्ज्वला सावरून बसली. शेजारी तिची आई मालतीबाई डोक्यावर पदर घेऊन केव्हाची डोळे मिटून होती. पोरीला मिरजेला नर्सिंगला जागा मिळाली होती. पाठवावी की नाही, हे देवालाच विचारायचं होतं.

आणि देवाला विचारायचं म्हणजे भेस्तानच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत धुरपदाबाईंकडे यायचं. पाळकसाहेब होते की! पण ते रविवारपुरते सुरतेहून यायचे आणि काही विचारलं की म्हणायचे, प्रार्थना करा, विचार करा, चार शहाण्या माणसांशी बोला. एवढा खटाटोप कोण करतो? धुरपदाबाईंकडे रोकडा कारभार. ज्यानं त्यानं आपापलं शास्त्र, म्हणजे बायबल, घेऊन यायचं, बाई प्रार्थना करणार, मिटल्या डोळ्यांनी ते उघडणार आणि पानावर बोट ठेवणार. बोटाखाली येईल ती देवाची इच्छा. या बोटानं दोन लग्नं जमवली होती, एक मोडलं होतं आणि निंबा मेस्त्रीचं दुकान उधन्याहून हलवलं होतं. बोटाचा वट मोठा.

आज मालतीबाई घाईत आपलं शास्त्र घरीच विसरली, म्हणून धुरपदाबाईंनी फडताळातलं स्वतःचं काढलं. प्रार्थना झाली. शास्त्र उघडलं, बोट टेकलं, आणि डोळे उघडताच बाईंचा चेहरा फुलला.

"अगं बाई! मालतीबाई, तेच पान हो! माझ्या सुलभाच्या वेळचं!"

त्या पानावरची गोष्ट मंडळीत लहान पोरालाही पाठ होती. विधवा सासू परत जा म्हणते, पण सून काही केल्या तिला सोडून जात नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी बाईंच्या लेकीचं, सुलभाचं, असंच मिरजेला नर्सिंगला जायचं ठरत होतं तेव्हा हेच पान आलं, आणि सुलभा राहिली. दर वर्षाअखेरीच्या सभेत धुरपदाबाई उभ्या राहून त्याची साक्ष द्यायच्या, मंडळी 'आमेन' म्हणायची, आणि पुढच्या चटईवर सुलभा मान खाली घालून बसलेली असायची.

"म्हणजे नाही पाठवायची," मालतीबाई हळूच म्हणाली.

उज्ज्वलाचे डोळे भरून आले. "मासी, परत एकदा काढो ने. एकच वार."

"देवाची परीक्षा बघतेस होय गं?"

सुलभा कोपऱ्यात बालवाडीच्या पोरांसाठी रंगीत कागद कापत बसली होती. तिशी उलटलेली, शांत बाई. तिनं कात्री खाली ठेवली, उठली, आईच्या मांडीवरून शास्त्र उचललं, मिटलं आणि जमिनीवर शिवणीच्या बाजूवर उभं धरलं.

"आई, बघ," ती म्हणाली, आणि हात सोडले.

शास्त्र दोन्हीकडे पडलं. तेच पान. तिनं परत मिटलं, परत सोडलं. तेच पान.

"इथं शिवण उसवलीय, मालतीकाकू. हे कुणीही, कशासाठीही उघडलं तरी इथंच उघडणार. तुम्ही घरी जा, आणि उज्ज्वलाला काय हवंय ते तिलाच विचारा."

मालतीबाई चुलीवर डाळ ठेवलीय असं काहीसं पुटपुटत पोरीला घेऊन निघून गेली.

शिवण कशी उसवली हे धुरपदाबाईंइतकं कुणाला ठाऊक असणार? श्रीपत गेले त्याच वर्षी मिरजेचं पत्र आलं. नवरा गेला, आता लेकही चालली, या धास्तीनं त्यांनी कितीतरी दिवस तेच एक पान उघडं ठेवलं होतं. त्यावर कोपर टेकून रडल्या होत्या, पुस्तक तिथंच मुडपून उशाला घेऊन झोपल्या होत्या. आणि मग एके दिवशी डोळे मिटून देवाला विचारलं होतं, तुझी इच्छा काय? पुढंही वाचायला घेतलं की ते तिथंच उघडायचं, तेव्हा वाटायचं, देव आठवण देतोय. वाटायचं, की वाटून घ्यायच्या? कोण जाणे. आता मात्र लाजेनं कानशिलं तापली होती.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"त्याच दिवशी. तू पाण्याला गेलीस तेव्हा उघडून पाहिलं."

"मग बोलली का नाहीस गं तेव्हा?"

सुलभानं कागदाचे तुकडे गोळा केले. "बाबा गेल्यापासून त्या दिवशी तू पहिल्यांदा पोटभर जेवलीस, आई. कशी बोलणार?"

यापेक्षा पोरीनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीनं आयुष्य आईच्या ताटात वाढलं, आणि आईनं देवाचं नाव घेऊन ते खाल्लं.

रविवारी साक्षीच्या वेळी धुरपदाबाई उभ्या राहिल्या. सवयीनं चार जणींनी आधीच पदर सावरले. "माझी लेक देवानं माझ्यापाशी ठेवली असं मी सांगत आले," त्या म्हणाल्या. "देवानं नाही ठेवली. मी ठेवली. आणि नाव त्याचं लावलं." त्या मटकन खाली बसल्या. 'आमेन' कुणी म्हणालं नाही. पाळकसाहेबांनी घसा खाकरून गीताचा क्रमांक सांगितला.

उज्ज्वलाचं जायचं ठरलं. तिच्याकडे पेटी नव्हती. धुरपदाबाईंनी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली घेतली, आतल्या गोधड्या बाहेर काढल्या, ओल्या फडक्यानं झाकण पुसलं. धूळ निघाली तशी पांढऱ्या रंगातली अक्षरं दिसली: सुलभा श्रीपत उजागरे, मिरज.

"नाव खरवडून घेऊ आम्ही," मालतीबाई ओशाळून म्हणाली.

"राहू द्या हो काकू," सुलभा म्हणाली. "पत्ता तर बरोबरच आहे."

स्टेशनवर गाडी हलली तेव्हा सुलभा हात हलवत फलाटावर चार पावलं गाडीबरोबर गेली आणि थांबली. धुरपदाबाईंचा हात वर होईना. त्या खिडकीतून बाकाखालची ट्रंक पाहत होत्या, दिसेनाशी होईपर्यंत.

बाहेर रिक्षांची, टांग्यांची गर्दी होती. रस्ता ओलांडताना सुलभानं नेहमीसारखा आईचा हात धरला. "जपून, आई. माझ्याबरोबर चल."

तो हात सोडवून घ्यावा असं धुरपदाबाईंना फार वाटलं. पण समोरून गाड्या येत होत्या. त्यांनी तो घट्ट धरला.